सर्वानुमते

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. यंदा आमच्या माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक उतरली आणि तिच्यातून सुतळीने बांधलेला एक कागदांचा गठ्ठा निघाला. वर चहाच्या पेल्याचा गोल डाग पडलेली एक पुस्तिका, खाली हजेरीचे चार-पाच कागद. त्या कागदांवर काही सह्या नीट वळणदार, काही अक्षर-अक्षर जुळवून केलेल्या, आणि बऱ्याचशा नुसत्या अंगठ्याच्या निळ्या खुणा.

"ही रद्दीत घालायची ना?" सौभाग्यवतींनी विचारले.

"राहू दे," मी म्हटले.

तिने माझ्याकडे जे पाहिले, ते प्रत्येक शिक्षकाच्या बायकोला जमते. जन्मभर कागद आणून घरात साठवणाऱ्या माणसाकडे दुसरे कसे पाहायचे? मी काही बोललो नाही. गठ्ठा घेऊन ओटीवर येऊन बसलो. सगळ्यांत तळाशी एका वहीच्या पानाची छायाप्रत होती. त्या पानावर एक शब्द लिहून मग खोडलेला होता. तो एक शब्द माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांहून जास्त मला शिकवून गेला, असे म्हटले तर वाचकांना अतिशयोक्ती वाटेल. म्हणून सगळेच सांगतो.

मी नगर जिल्ह्यातला प्राथमिक शिक्षक. २०२४ पासून आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे आणि ते योग्यच आहे. अहिल्याबाईंचा जन्म आमच्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. पण जिभेला जुनी सवय असते, ती अजून नगरच म्हणते. चौदा तालुक्यांचा हा विस्तीर्ण जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातल्या शाळेपासून जामखेडच्या माळावरच्या शाळेपर्यंत याचा एक टोकाचा विद्यार्थी दुसऱ्या टोकाच्या विद्यार्थ्याला जन्मात भेटायचा नाही. या जिल्ह्याच्या चार-पाच गावांत मी पाटी-पेन्सिल सांभाळली आणि शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक म्हणून खुर्चीही सांभाळली.

मुख्याध्यापकाला मुलांपेक्षा वह्या जास्त सांभाळाव्या लागतात. त्यांतली एक इतिवृत्ताची वही. गावात तिला 'प्रोसिडिंग' म्हणतात. शाळेच्या समितीची सभा झाली, की काय ठरले ते या वहीत लिहायचे. आमची सभा व्हायची ती बहुधा वहीतच! महिनाअखेरीस संध्याकाळी घरी कंदील, आणि पुढे वीज आल्यावर दिवा लावून मी बसत असे आणि झरझर लिहून काढत असे: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. विषय क्रमांक दोन. खर्चास मंजुरी. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ठराव सर्वानुमते मंजूर.' दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एखाद्या चलाख मुलाच्या हाती ती वही द्यायची आणि त्याला सह्यांसाठी गावभर पिटाळायचे. कुणी औत थांबवून सही करी, कुणी पारावर, कुणी गोठ्यात. एका सभासदाने तर म्हशीच्या पाठीवर वही टेकवून सही केली होती आणि ते पान शेणाच्या शिंतोड्यासह तपासणीला गेले होते. तपासणाऱ्याने ते उलटले आणि पुढे गेला. शिंतोडा त्याला दिसला असेल. पण जी सभा झालीच नव्हती, ती काही त्याला दिसली नाही.

यात पैशाची अफरातफर नव्हती, हे मी देवाशपथ सांगतो. पै-पैचा हिशेब चोख असे. मला वाटे, काम प्रामाणिक आहे ना, मग बिचाऱ्यांना सभेला कशाला ताटकळवायचे? त्यांना त्यातले काय कळते? हा 'काय कळते' माझ्या मनात इतका खोल बसला होता, की तो अपमान आहे हेसुद्धा मला कधी जाणवले नाही.

पुढे मी निवृत्त झालो आणि त्याच सुमारास नवा कायदा आला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा संसदेने २००९ साली केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्यात प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला एक शाळा व्यवस्थापन समिती असावी असे आहे. आधीही गावोगाव ग्रामशिक्षण समित्या होत्याच. पण या नव्या समितीची घडण निराळी. तिच्यात किमान पाऊण हिस्सा मुलांचे आईबापच हवेत, निम्म्या बाया हव्यात, आणि दुर्बल घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या राज्याने २०१० च्या शासन निर्णयात सभासदांची संख्या १२ ते १६ ठेवली, अध्यक्ष पालकांतलाच ठरवला, मुख्याध्यापकाला सचिव केले आणि महिन्यातून किमान एक सभा घालून दिली. इतकेच नव्हे, तर दोन विद्यार्थीही समितीत बसवले. मत नाही, पण कान आणि तोंड आहे! शाळा कशी चालते ते पाहायचे, तिच्या विकासाचा आराखडा करायचा, आलेला पैसा कुठे गेला ते बघायचे, ही या समितीची कामे.

आता कायदा करणे सोपे. ज्यांच्यासाठी तो केला त्यांना तो सांगणार कोण? त्यासाठी सभासदांची प्रशिक्षणे निघाली, आणि प्रशिक्षण देणारी माणसे हवी झाली. मी रिकामाच होतो. चाळीस मिनिटे न थांबता बोलण्याचा सराव होता. माझी वर्णी लागली.

प्रशिक्षण म्हणताच माझी छाती जरा फुगली होती, हे कबूल करतो. आमच्या नगर शहराला या बाबतीत मोठी परंपरा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार यांनी एकोणिसाव्या शतकात इथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांच्याच हाताखाली सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. शिकवणाऱ्याला आधी शिकवले पाहिजे, हे या गावाने तेव्हा ओळखले होते. पण शाळेवर गावाच्या वतीने लक्ष ठेवणाऱ्यालाही शिकवले पाहिजे, ही कल्पना मात्र साऱ्या जगातच फार उशिरा आली. इंग्लंडसारख्या देशातसुद्धा शाळांच्या नियामक मंडळांवरच्या लोकांना मोफत प्रशिक्षण मिळावे, ही जबाबदारी कायद्याने स्थानिक शिक्षण अधिकाऱ्यांवर टाकली ती १९८६ साली. तेव्हा मी मनाशी म्हणालो, आपण काही लहानसहान काम करत नाही.

पाथर्डी तालुक्यातल्या एका केंद्रशाळेत दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. गणपती नुकतेच उठले होते. तिसरीच्या वर्गात मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पांढऱ्या टोप्या एका बाजूला, डोक्यावरचे पदर दुसऱ्या बाजूला. पोहे झाले, चहा झाला, आणि मी पुस्तिका उघडली. कलम २१, कलम २२, उपकलम अमुक. समितीची रचना सांगितली. कर्तव्ये सांगितली. फळ्यावर आकृती काढली. मधल्या गोलात 'बालक' लिहिले आणि चहूकडून बाण काढले. तासाभराने पाहतो तो टोप्यांतल्या दोन पुढे कलंडल्या होत्या. पदरांच्या बाजूला कुणी झोपले नव्हते. पण त्या माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती मी ओळखली. कीर्तनात बुवा संस्कृत बोलू लागला, की बायका अशाच आदराने आणि अशाच निर्विकारपणे पाहतात.

शिवाय पदरांची संख्या कागदावरच्या नावांपेक्षा कमी होती. सभासद बाई, आणि तिच्या जागी आला होता तिचा मालक. "ती नाही का आली?" म्हटले, तर म्हणे, "तिला काय कळतं गुरुजी? मीच आलो." माझेच वाक्य मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले, तेव्हा ते जरा टोचले.

खरे म्हणजे 'सभासद' हा शब्द नगर जिल्ह्याला नवा नाही. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि तेव्हापासून आमच्याकडचा शेतकरी सभासद झाला. कारखान्याचा, सोसायटीचा, दूध संघाचा. वार्षिक सभेला तो अहवाल काखोटीला मारून जातो. ताळेबंदातला आकडा खटकला तर उभा राहून विचारतो. कधी कधी खुर्च्याही उडतात, ते सोडा! पण आपला भाग तिथे गुंतला आहे, हे तो विसरत नाही. तोच माणूस शाळेच्या समितीत येऊन बसला, की हात जोडून म्हणतो, "गुरुजी, तुम्ही कराल ते खरं." मी पुष्कळदा मनात विचार केला, असे का? कारखान्यात याचे शेअरचे पैसे आहेत आणि शाळेत तर याचे मूल आहे. मग मुलाचा भाग शेअरच्या भागाहून हलका कसा झाला?

आणि त्या वर्गातल्या निम्म्या माणसांचा तर कुठल्याच कारखान्यात भाग नव्हता. ती ऊसतोडणीला जाणारी. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ही नेहमीची कथा. पाऊस बेताचा, जमीन हलकी. दसरा झाला की मुकादमाची गडबड सुरू होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्याने आधी उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी दिवाळी होते न होते तोच संसार गाडीत भरायचा आणि पाच-सहा महिने उसाच्या फडात कोपी करून राहायचे. साखर ज्या जिल्ह्यात तयार होते, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची पोरे तिच्यापायी शाळेतून उठतात.

दुपारी जेवणानंतर मी शेवटचा मुद्दा सांगत होतो: समितीची सभा महिन्यातून एकदा झालीच पाहिजे, सभासदाने गैरहजर राहू नये. तेव्हा मागच्या बाकावरून एक बाई उठली. तिशीच्या आतलीच असेल. हातावर कोयत्याचे जुने वण होते.

"गुरुजी, एक इचारू का?"

"विचारा की, ताई."

"तुमी म्हंता म्हैन्याला सभा. मी दिवाळी झाल्यावर फडात जाणार, ती पाडव्यालाच येणार. मंग मी सभासद हाये का न्हाई? आन् माझी पोरगी चौथीत हाये. तीबी संगं येणार. तिचं नाव हितं, ती तिथं. मंग मी कंच्या शाळेची पालक?"

वर्गात एकदम शांतता झाली. कलंडलेल्या दोन टोप्याही सरळ झाल्या. मी पुस्तिका चाळू लागलो. चाळताना हाताला घाम आला. 'सभासद गैरहजर राहिल्यास' हे होते, 'पालकाच्या जबाबदाऱ्या' होत्या. पण ज्या बाईचे घर सहा महिने पाचटाचे असते, तिने काय करायचे ते काही त्या पानांत सापडेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी तिसरी-चौथीच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर किती नावांपुढे 'स्थलांतरित' लिहिले असेल! लाल शाईने, सुवाच्य अक्षरात. पण ते लिहिताना मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

"उद्या सांगतो, ताई," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि बसली. तिच्या 'बरं'मध्ये विश्वास नव्हता आणि रागही नव्हता. पुष्कळ 'उद्या' ऐकलेल्या माणसाचे ते 'बरं' होते.

रात्री मी त्याच गावी एका शिक्षकमित्राकडे मुक्कामाला होतो. त्याच्याकडून मूळ कायदाच मागून घेतला आणि दिव्याखाली बसलो. आम्हाला मिळालेली पुस्तिका म्हणजे त्याचे सार होते, आणि सार काढताना बहुधा रसच राहून जातो. कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये दिली आहेत. त्यांत स्वच्छ लिहिले होते, की स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहिले पाहिजे. म्हणजे ती पोरगी जिथे जाईल तिथल्या शाळेने तिला घ्यायचे होते. मित्राने आणखी एक सांगितले. ज्या गावांतून तोडणीला लोक जातात, तिथे मुलांना मागे ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना असते. सकाळ-संध्याकाळचे जेवण, राहण्याची सोय. ती कुणी चालवायची? शाळा व्यवस्थापन समितीने! मी ज्या समितीला दिवसभर कलमे शिकवत होतो, तिच्याच हातात या प्रश्नाचे उत्तर होते. फक्त ते तिला कुणी सांगितले नव्हते, आणि मलाही ते माहीत नव्हते. प्रशिक्षक मी होतो, पण त्या दिवशी धडा एकट्या त्या बाईने घेतला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तिका पिशवीतच ठेवली. आधी तिचे उत्तर दिले. मग मुख्याध्यापकांना म्हटले, "तुमची इतिवृत्ताची वही आणा." त्यांचा चेहरा उतरला. तो का उतरला, हे माझ्याइतके कुणाला कळणार? मी सगळ्यांसमोर माझी म्हशीच्या पाठीवरच्या सहीची गोष्ट सांगितली. वर्ग खो-खो हसला. मुख्याध्यापकही हसले, आणि मग त्यांनी वही आणली.

एका मुलाकडून ती मोठ्याने वाचून घेतली. 'खर्चास मंजुरी. सर्वानुमते.' मी विचारले, "हे सर्व म्हणजे कोण?" कुणी बोलेना. "तुमची सही आहे इथे, मामा." "हाये की." "कशाला मंजुरी दिलीत?" मामा डोके खाजवू लागले. मग त्यांना सांगितले, की त्या काळी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये शाळा अनुदान मिळत होते, तीन खोल्यांपर्यंतच्या शाळेला देखभालीसाठी आणखी ५,००० पर्यंत. आकडे लहान होते. एका कोयत्याची उचल याच्या कितीतरी पट असते. पण आकडा कळताच माणसे पुढे सरकून बसली. नगर जिल्ह्याच्या माणसाला आकडा सांगावा, मग त्याला जागे करावे लागत नाही.

नंतर खिचडीचा विषय निघाला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, असे प्रमाण ठरलेले आहे. मी फळ्यावर नुसते तेवढेच लिहिले आणि विचारले, "६० मुले असली तर?" मी खडूने गुणाकार मांडेपर्यंत ती कालची बाई म्हणाली, "सा किलो तांदूळ. आन् डाळ सव्वा किलोला थोडी कमी." शिकलेली नव्हती. पण फडात मोळ्या मोजणाऱ्या आणि मुकादमाच्या वहीवर डोळा ठेवणाऱ्या बाईला हिशेब कुणी शिकवायचा? तिला फक्त २० हा आकडा हवा होता. तो इतकी वर्षे आम्ही आमच्या कपाटात ठेवला होता.

दुपारी आम्ही लुटुपुटीची सभा भरवली. अट एकच: प्रत्येकाने एक तरी प्रश्न विचारायचा आणि 'तुम्ही कराल ते खरं' म्हणायचे नाही. मालकांना मी हात जोडून सांगितले, की ज्यांच्या घरच्या बाईचे नाव यादीत आहे त्यांनी तिला बोलावून आणावे. तिघे जण कुरकुरत गेले. दोघी आल्या. तिसरीने निरोप पाठवला, भाकरी टाकून येते. आणि भाकऱ्या झाल्यावर ती खरोखरच आली. मुख्याध्यापकांना सचिव म्हणून उत्तरे द्यायची होती. सुरुवातीला ते आरोपीसारखे उभे होते. पण छपराची गळती कधीपासून आहे, अर्ज किती वेळा केला, हे कुणीतरी विचारताच ते भडाभडा बोलू लागले. त्यांचेही कुणी कधी ऐकून घेतले नव्हते. विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे, हे त्या दिवशी त्यांनाही कळले आणि लोकांनाही. ज्या शाळेला कुणी काही विचारत नाही, तिच्या बाजूने बोलायलाही कुणी उभे राहत नाही.

पुढचे दोन महिने मी त्या गावी अधूनमधून जात राहिलो. प्रशिक्षणाचे मानधन दोन दिवसांचे होते. पण एकदा लागलेली ओढ मानधनात बसत नाही. समितीतल्या बायांनी घरोघर फिरून यादी केली. कोण जाणार, कुणाच्या घरी आजी मागे राहणार, कुणाचे कोणीच नाही. यादीत २२ मुले भरली. दसऱ्याच्या आत प्रस्ताव गेला. स्वयंपाक कोण करणार यावरून भांडण झाले, ते मिटले. एका बापाने सांगितले, मुलगी मोठी झाली, मागे ठेवणार नाही. त्यावर समितीतल्या एका आजीने त्याला अंगणात उभे करून सुनावले. ते काय सुनावले ते दिवाळी अंकात लिहिण्याजोगे नाही.

भाऊबीज झाली आणि गाड्या भरल्या. मी मुद्दाम गेलो होतो. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी, वर बसलेली लहान मुले. बावीसांपैकी पंधरा मुले मागे राहिली, सात गेली. जाणाऱ्या सातांच्या आयांच्या हाती मुख्याध्यापकांनी शाळेचे पत्र दिले, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत दाखवता येईल. सात गेली याचे वाईट वाटले. पण त्या सातांची नावे या वेळी समितीला पाठ होती; माझ्यासारखी ती लाल शाईत बुडाली नव्हती.

प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईची पोरगी आजीजवळ राहिली. धाकटा अंगावरचा, तो आईबरोबर गेला. गाडी हलली तेव्हा पोरगी रडली नाही. आईने मात्र तोंड फिरवले. शाळा सुटू नये म्हणून लेकराला मागे ठेवायचे आणि सहा महिने त्याचे तोंड पाहायचे नाही, हा सौदा ज्याला करावा लागत नाही, त्याने शिक्षणाच्या महत्त्वावर भाषण करू नये असे मला त्या दिवसापासून वाटते. मी तसली भाषणे पुष्कळ केली आहेत.

पौषात समितीची सभा होती. मी सहज म्हणून गेलो होतो. अध्यक्षांनी आपला मोबाइल टेबलावर मधोमध ठेवला आणि फोन लावला. पलीकडून आधी पाचटाची सळसळ आणि कुणाच्या तरी हाका ऐकू आल्या, मग तिचा आवाज आला. सभासद गैरहजर, पण सभेला हजर! मुख्याध्यापक माझ्याकडे पाहून म्हणाले, "हजेरीत धरता येणार नाही, गुरुजी." मी म्हटले, "धरू नका. ऐकून घ्या."

विषय होता देखभालीच्या पैशांचा. शाळेच्या दर्शनी भिंतीला रंग द्यावा, वर सुविचार लिहावेत, असे ठरत आले होते. २६ जानेवारी जवळ आली होती, पाहुणे येणार होते. सगळ्यांच्या माना हलल्या. मुख्याध्यापकांनी सवयीने वहीत लिहूनही टाकले. तेवढ्यात टेबलावरून आवाज आला, "मला न्हाई पटत. पोरींच्या संडासाला कडी न्हाई. माझी पोरगी शाळंत पानी पीत न्हाई, घरी जाऊस्तवर. आदी कडी लावा, मंग रंग."

कुणी काही बोलले नाही. मग पदरांच्या बाजूने एक जण म्हणाली, "माझीबी न्हाई पीत." आणखी एक म्हणाली. आम्ही सगळे पुरुष खाली पाहत होतो. त्या शाळेत शिक्षक होते, अध्यक्ष होते, भेट देणारे अधिकारी होते, निवृत्त प्रशिक्षक होता. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे कळायला मैलोगणती लांब उसाच्या फडातून आवाज यावा लागला.

कडी लागली. दार मुळातच सडले होते, म्हणून दारही नवे झाले. रंग त्या वर्षी अर्ध्याच भिंतीला पुरला. प्रजासत्ताक दिनाला पाहुणे त्या अर्ध्या रंगलेल्या भिंतीपुढे उभे राहून बोलले, आणि कुणाचे काही अडले नाही.

सभा संपल्यावर तिने फोनवर विचारले, "पोरगी हाये का तिथं जवळ?" चौथीचा वर्ग पलीकडेच होता. मुलीला बोलावले. तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि बराच वेळ नुसते "हां, हां" म्हणत राहिली. आम्ही सगळे उठून ओसरीत गेलो. सभेचे कामकाज संपलेच होते.

त्या सभेच्या पानाची छायाप्रत मुख्याध्यापकांनी नंतर मला दिली. तीच ही. आज इतक्या वर्षांनी ओटीवर बसून पुन्हा वाचतो आहे. अनुदानाची नावे बदलली, २०१८ पासून समग्र शिक्षा आली, शाळा अनुदान एकत्र झाले आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चावा असा दंडकही आला. तो दंडक वाचताना मला ती कडी आठवली. समित्यांची प्रशिक्षणे होतात, पुस्तिका निघतात. त्या चांगल्या असतात. पण मला कुणी विचारले, की सभासदाला शिकवायचे काय, तर मी म्हणेन: त्याला आकडा सांगा, वही उघडून दाखवा, आणि त्याने 'मला पटत नाही' म्हटले की ते लिहून घ्या. बाकीचे तो आपल्या संसारातून शिकून आलेलाच असतो.

पानावर मुख्याध्यापकांचे टापटिपीचे अक्षर आहे. 'दर्शनी भिंतीस रंग देण्याचा ठराव सर्वानुमते' इथपर्यंत शाई सरळ धावली आहे. मग 'सर्वानुमते' या शब्दावर एक आडवी रेघ आहे. वर बारीक अक्षरांत लिहिले आहे: 'चर्चेअंती पुढे ढकलण्यात आला. आधी कडी.'

"अहो, रद्दीवाला आलाय," आतून हाक आली.

मी गठ्ठ्याला सुतळी गुंडाळली. पुस्तिका तेवढी रद्दीत दिली. ते पान ठेवले. उद्या वसुबारस. चार दिवसांनी पाथर्डीच्या रस्त्याला पुन्हा गाड्या लागतील.